डब्यातलं मीठ, पाकिटातलं मीठ आणि शिरोड्याचं जाडं मीठ

आंघोळीच्या पाण्यात समुद्री मीठ घातलं की कोरडी, खाजरी त्वचा सुधारते, असं सध्या सगळीकडे वाचायला मिळतं. ते अर्धं खरं आहे. मीठ किती, पाणी किती आणि कातडी त्या पाण्यात किती वेळ बुडालेली, हे मात्र कुणी सांगत नाही, आणि गुण येतो की नाही ते यावरच ठरतं. गेल्या हिवाळ्यापासून मी तीन मिठं आलटून पालटून वापरतेय. एक नावाजलेल्या कंपनीचं सुगंधी बाथ सॉल्ट, दुसरं मृत समुद्राचं म्हणून ऑनलाइन मिळणारं पाकिटातलं मीठ, आणि तिसरं मामेभावाने सिंधुदुर्गातल्या शिरोड्याच्या मिठागरावरून आणून दिलेलं जाडं मीठ. तिन्हींबद्दल जरा खोलात जाऊन लिहितेय, कारण विकत घेण्याआधी मला जे हवं होतं ते कुठेच एका जागी मिळालं नाही.

माझी त्वचा मुळातच कोरडी. दिवाळी सरली की नडग्यांवर पांढरे पापुद्रे धरतात, कोपरं खरखरीत होतात आणि दोन्ही मनगटांच्या आतल्या अंगाला लालसर चट्टे उठतात. रात्री त्यांची अशी खाज सुटते की झोप मोडते. आम्ही डोंबिवलीत राहतो. नळाचं पाणी कमी पडलं की सोसायटीत टँकर येतो, आणि त्यातलं पाणी बहुतेक वेळा बोअरचं असतं. साबण कितीही चोळा, फेस येत नाही, आणि बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की एक्झिमाची, म्हणजे इसबाची, प्रवृत्ती आहे. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात उरका, साबण कमी करा आणि अंग ओलसर असतानाच मलम लावा, असं त्यांनी सांगितलं. मिठाचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘करून बघा, हरकत नाही. पण मलम सोडायचं नाही, आणि चट्टा चिरला किंवा ओला झाला की मीठ बंद.’ हे पथ्य मी पाळलंय, त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते मिठाबरोबर मलमाचंही आहे, हे धरूनच वाचा.

आधी डब्याबद्दल. डबा सुरेख आहे, यात वाद नाही. झाकण उघडलं की लॅव्हेंडरचा वास घरभर पसरतो, खडे फिकट जांभळे आणि एकसारखे. 250 ग्रॅमला साडेचारशे रुपये दिले. पुढच्या बाजूला ‘समुद्राच्या खनिजांनी समृद्ध’, ‘त्वचेतली विषद्रव्यं बाहेर काढतं’ असं मोठ्या अक्षरात. मागे बारीक अक्षरात घटक: सोडियम क्लोराइड, सुगंध, आणि रंगाचे दोन क्रमांक. म्हणजे साधं मीठ, त्याला रंग आणि वास. वापरायची रीत म्हणून लिहिलंय, दोन मोठे चमचे कोमट पाण्यात घाला आणि वीस मिनिटं पडून राहा. किती पाण्यात, ते नाही. कशात पडून राहायचं, तेही नाही. आपल्याकडे किती घरांत बाथटब असतो?

म्हणून मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. दोन मोठे चमचे म्हणजे साधारण 35 ग्रॅम भरले. आपली आंघोळीची बादली 20 लिटरची धरा. लिटरला पावणेदोन ग्रॅम मीठ झालं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटलीत लिटरमागे 9 ग्रॅम मीठ असतं. डब्यावरच्या मापाने केलेलं पाणी समुद्राच्या विसाव्या हिश्शाइतकं खारट, सलाईनच्याही जेमतेम पाचव्या हिश्शाइतकं. अख्खा डबा बादलीत उपडा केला तरी लिटरला साडेबारा ग्रॅम होतात. साडेचारशे रुपये एका आंघोळीत ओतले तरी समुद्राच्या निम्म्याइतकी खारट चवही पाण्याला येणार नाही. आणि ते पाणी आपण तांब्याने अंगावर घेतो, दोन-चार सेकंदांत ते मोरीत जातं. त्यातून त्वचेला काय मिळणार?

वास आवडणाऱ्याने वासासाठी जरूर घ्यावा, दिवसभराच्या दगदगीनंतर बरं वाटतं हे मीही नाकारत नाही. पण ज्याची त्वचा आधीच तक्रार करतेय त्याने सुगंध आणि रंग असलेलं मीठ घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कोरड्या, चिडलेल्या त्वचेला सुगंधी द्रव्यांनी त्रास होणं ही नेहमीची गोष्ट आहे. माझ्या डाव्या मनगटावरचा चट्टा या डब्यातल्या मिठाने जास्तच लाल झाला, म्हणून मी तो डबा बंद करून ठेवला.

आता मूळ मुद्दा, बादलीचा. मिठाच्या पाण्याचा जो काही गुण आहे तो बुडून बसण्यात आहे. मग टब नसलेल्या घरात काय करायचं? मी सगळं अंग बुडवायचा नाद सोडला आणि जिथे त्रास आहे तेवढाच भाग बुडवायचं ठरवलं. नडग्यांसाठी प्लॅस्टिकची उभट, खोल बादली घेतली. तिच्यात 12 लिटर पाणी घातलं की पाय गुडघ्याच्या खाली चार बोटांपर्यंत बुडतात. मनगट आणि हातासाठी धान्याचा उंच, अरुंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात 3 लिटर पाणी पुरतं. भांडं जितकं अरुंद तितकं पाणी कमी, आणि पाणी कमी तितकं मीठ कमी. हे एकदा जमलं की खर्चाचा हिशेब पार बदलतो.

मीठ किती घालायचं, त्यासाठी मला एका अभ्यासाचा आधार मिळाला. 2005 साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी’मध्ये प्रोक्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लेख आला होता. कोरड्या, अ‍ॅटोपिक म्हणजे एक्झिमाकडे झुकणाऱ्या त्वचेच्या लोकांनी एक हात मृत समुद्राच्या मिठाच्या 5 टक्के द्रावणात 15 मिनिटं बुडवायचा आणि दुसरा हात नळाच्या साध्या पाण्यात, अशी त्याची मांडणी होती. मिठाच्या पाण्यातल्या हाताची त्वचा जास्त ओलसर राहिली, तिचं बाहेरचं संरक्षक आवरण सुधारलं आणि लाली, खरखर कमी झाली. संशोधकांनी त्याचं श्रेय मिठातल्या मॅग्नेशियमला दिलं. मला या अभ्यासातलं सगळ्यात पटलं ते हे, की दोन्ही हात एकाच माणसाचे. हवा तीच, खाणं तेच, फरक फक्त पाण्याचा. 5 टक्के म्हणजे लिटरला 50 ग्रॅम. माझ्या 3 लिटरच्या डब्याला 150 ग्रॅम, पायाच्या बादलीला 600 ग्रॅम. डब्यावरचे ते दोन चमचे आठवा आणि हे आकडे बघा.

तर पाकिटातलं मृत समुद्राचं मीठ. किलोला नऊशे रुपयांच्या आसपास पडलं. मृत समुद्र म्हणजे इस्रायल, पॅलेस्टाइन आणि जॉर्डन यांच्या मधलं खाऱ्या पाण्याचं सरोवर, समुद्रसपाटीपासून 430 मीटरहून खाली. जॉर्डन नदीचं पाणी त्यात येतं, बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं वाफ होऊन क्षार साठत गेलेत. नेहमीच्या समुद्रापेक्षा ते नऊ-दहापट खारट. पण खरा फरक क्षारांच्या जातीत आहे. आपल्या समुद्राच्या क्षारांत तीन चतुर्थांशाहून जास्त साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड असतं. मृत समुद्राच्या क्षारांत निम्म्याच्या आसपास मॅग्नेशियम क्लोराइड. त्यामुळे ‘समुद्री मीठ’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि अभ्यास एका मिठावरचा दाखवून दुसरं मीठ गळ्यात मारलं जातं.

पाकिटावर घटकांत ‘मॅरिस सॅल’ असं लिहिलेलं होतं, सौंदर्यप्रसाधनांच्या यादीत समुद्री मिठाचं हेच नाव असतं. सुगंध नाही, रंग नाही. खडे पांढरे, कडेला जरासे पारदर्शक, हाताला ओलसर. जिभेच्या टोकाला लावून बघितलं तर आधी खारट आणि लगेच कडूजहर. ही कडू चव मॅग्नेशियमची. पाकीट उघडं राहिलं की दमट हवेत खड्यांना पाणी सुटतं, तेही मॅग्नेशियममुळेच. म्हणून माझ्या मते ही दोन लक्षणं बघून घ्यावीत. मृत समुद्राचं म्हणून घेतलेलं मीठ भर पावसाळ्यात सळसळीत कोरडं राहत असेल आणि चवीला नुसतंच खारट असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

कोमट पाण्यात ते पटकन विरघळतं. पाणी किंचित तेलकट, बुळबुळीत लागतं. हात बाहेर काढून तसाच वाळू दिला तर चिकटपणा राहतो, कपड्याला लागतो. मी साधं पाणी एक तांब्याभर ओतून घेते, टॉवेलने टिपते, पुसत नाही, आणि लगेच मलम. हा ‘लगेच’ फार महत्त्वाचा आहे. मिठाचं पाणी त्वचेवर नुसतं वाळलं तर ती आणखी ओढल्यासारखी होते, हे वेंगुर्ल्याच्या समुद्रात डुंबून आलेल्या कुणालाही ठाऊक असेल.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. बोअरच्या जड पाण्यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम असतं, आणि जड पाण्याने तर माझी त्वचा बिघडते. मग मॅग्नेशियमच्याच पाण्यात हात बुडवून बरं कसं वाटतं? याचं उत्तर बरंचसं साबणात आहे. जड पाणी आणि साबण एकत्र आले की न विरघळणारी मळी तयार होते, बादलीच्या कडेला बसते तशीच ती अंगावरही बसते आणि त्वचा चिडवते. मिठाच्या पाण्यात साबण आलाच नाही तर मळीचा प्रश्न येत नाही. म्हणून मिठाच्या पाण्यात साबण घालायचा नाही, साबण लावलेला हातही घालायचा नाही. आधी आंघोळ, साबण पूर्ण धुऊन टाकायचा, मग मिठाचं पाणी. मृत समुद्राच्या मिठात तर साबण फुटून पाण्यावर पांढऱ्या गुठळ्या तरंगतात.

आता शिरोड्याचं मीठ. हे मला जवळचं आहे, कारण माझं आजोळ वेंगुर्ले तालुक्यातलं. शिरोड्याला 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला तो याच मिठागरांवर. भरतीचं पाणी खाडीतून आत घ्यायचं, बांध घातलेल्या वाफ्यांमधून एकातून दुसऱ्यात खेळवत न्यायचं, आणि वारा-उन्हाने ते आटू द्यायचं. मूळ पाण्याचा साधारण दहावा हिस्सा उरला की मिठाचे खडे धरायला लागतात. ते लाकडी फळीने ओढून बांधावर ढीग करायचा. त्याआधीच्या वाफ्यांत चुनखडीसारखे क्षार बसलेले असतात, आणि मीठ ओढून झाल्यावर वाफ्यात जे कडू पाणी राहतं त्यात मॅग्नेशियम असतं. ते कडू पाणी काढूनच टाकतात, कारण खाण्याच्या मिठाला कडवटपणा नको असतो.

म्हणजे बघा, त्वचेला ज्याचा उपयोग म्हणतात ते मॅग्नेशियम मिठागरातल्या मिठात फारसं येतच नाही. खड्यांना चिकटून राहिलेल्या ओलीतून थोडंफार येतं, त्याच ओलीमुळे आपलं जाडं मीठ पावसाळ्यात पाझरतं. म्हणून ‘नैसर्गिक समुद्री मीठ, खनिजांनी भरलेलं’ असं कुणी म्हटलं तर ते साध्या मिठागराच्या मिठाला लागू करू नये. मला शिरोड्याच्या मिठाचा अभिमान आहे, तरीही हे सांगायलाच हवं.

मग ते वापरायचं कशाला? कारण नुसत्या मिठाच्या पाण्यालाही गुण आहे. चिडलेल्या त्वचेला साधं पाणी झोंबतं, पाण्यात मीठ असलं की ते झोंबणं कमी होतं. एक्झिमा उसळला की बाथटबच्या पाण्यात कपभर साधं मीठ घालायला परदेशातले त्वचारोगतज्ज्ञही सुचवतात, ते याचसाठी. दुसरं, खाऱ्या पाण्यात भिजलेले पापुद्रे मऊ होऊन सुटतात. जर्मनीत सोरायसिसच्या रुग्णांना खाऱ्या पाण्यात बसवून मग अतिनील किरण देण्याची उपचारपद्धत आहे, त्यातही पापुद्रे मऊ होणं हा एक भाग आहे.

मी पायांवर स्वतःपुरती तुलना केली. उजवा पाय शिरोड्याच्या मिठाच्या पाण्यात, डावा शेजारच्या बादलीत साध्या कोमट पाण्यात, दोन्ही एकाच वेळी, पंधरा मिनिटं. नंतर दोन्हीला तेच मलम. आठवड्यातून दोन-तीनदा. फरक दिसायला पंधरवड्याच्या वर लागला. उजव्या नडगीवरचे पापुद्रे नुसता टॉवेल टेकवला तरी सुटून यायचे आणि खालची कातडी गुळगुळीत, जराशी गुलाबी दिसायची. डाव्या पायाला तेच पापुद्रे कोरडे, कडा वर आलेले, मोज्यात अडकणारे. संध्याकाळपर्यंत डावा पाय ताणल्यासारखा वाटायचा, उजव्याचं ते कमी होतं. मनगटांवर मात्र मृत समुद्राचं मीठ सरस ठरलं. उजव्या मनगटाला ते आणि डाव्याला शिरोड्याचं, असं केलं तर रात्रीची खाज उजवीकडची आधी शमली, आणि लालीही. माझ्या दोन हातांवरून सगळ्या जगाला सांगता येणार नाही, पण छापून आलेल्या अभ्यासाशी ते जुळतं म्हणून मला त्यात तथ्य वाटतं.

शिरोड्याच्या मिठाची तक्रार एकच, ते स्वच्छ करून घ्यावं लागतं. खडे करडे असतात, त्यांत चिखलाची बारीक माती, क्वचित शिंपल्याचा चुरा. थोड्या गरम पाण्यात विरघळवायचं, दहा मिनिटं निवळू द्यायचं, वरचं पाणी मलमलच्या फडक्यातून गाळून बादलीत ओतायचं आणि मग बाकीचं पाणी घालायचं. तळाशी राहिलेला गाळ टाकून द्यायचा. हे न करता बादलीत मीठ तसंच टाकलं तर पायाला कचकच लागते. आणि खडे थेट अंगावर घासायचे नाहीत. साखर-मिठाचे स्क्रब सध्या फार चालतात, पण मिठागराच्या खड्यांना धार असते, कोरडी त्वचा त्याने बारीक बारीक ओरखडते आणि मग त्यात मीठ शिरतं. मामीने पिशवी देतानाच बजावलं होतं, ‘मीठ अंगाक घासू नको गो, पाण्यात विरघळव पयला.’ तिने जन्मभर मिठाच्या पाण्यात पाय शेकलेत, तिचा शब्द मी प्रमाण मानते.

आणखी काही प्रकारांबद्दल लोक विचारतात, म्हणून थोडक्यात. गुलाबी हिमालयन मीठ म्हणजे आपलं शेंदेलोण, पाकिस्तानातल्या पंजाबात खेवड्याच्या खाणीतून मोठ्या प्रमाणावर येतं. गुलाबी रंग लोहाचा, बाकी जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. आंघोळीसाठी त्याला जास्त पैसे मोजायचं मला कारण दिसत नाही. एप्सम सॉल्ट हे मॅग्नेशियम सल्फेट, ते समुद्री मीठ नव्हेच. आंघोळीने शरीरातलं मॅग्नेशियम वाढतं, विषद्रव्यं निघतात, चरबी कमी होते, हे दावे सोडून द्या. विषद्रव्यं काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

सोरायसिसवाल्या नातेवाइकांना लोक ‘मृत समुद्राला जाऊन ये, बरा होशील’ असंही सांगतात. तिथे रुग्ण तीन-चार आठवडे राहतात आणि फायदा होतो, हे खरंय. पण तिथला उपचार फक्त पाण्याचा नाही. ती जागा इतकी खोल आहे की सूर्यकिरणांना जास्त हवेतून यावं लागतं, त्यामुळे भाजणारे अतिनील किरण काहीसे गाळले जातात आणि माणसाला उन्हात जास्त वेळ बसता येतं. डोंबिवलीच्या बाथरूममध्ये पाकिटातलं मीठ घालून तो परिणाम मिळायचा नाही, आणि सोरायसिसचं औषध त्या भरवशावर बंद करणं तर घातक.

कुणी करू नये, हेही सांगते. मधुमेह असलेल्यांनी पाय कोणत्याच पाण्यात भिजत ठेवू नयेत, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. पायाची संवेदना कमी झालेली असली तर पाणी किती गरम आहे, कुठे भेग पडलीय, हे कळत नाही, आणि साध्या भेगेतून मोठी जखम होते. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांनी फार हट्ट धरला तरी मी त्यांना ही बादली दिलेली नाही. त्यांच्या पायाला फक्त खोबरेल, तेही बोटांच्या बेचक्यात नाही. जखम, चिरलेली टाच, ताजं वॅक्सिंग, ओला चट्टा, यांवर मीठ नको. लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पाणी कोमटच हवं. कढत पाणी त्वचेतलं उरलंसुरलं तेल काढून नेतं, मग मीठ कितीही चांगलं असो.

घराच्या दृष्टीनेही काळजी घ्यायला हवी. स्टीलच्या बादलीत मिठाचं पाणी ठेवू नका, खड्डे पडून गंजते. तांब्या-पितळेची भांडी तर नकोतच. गीझरमध्ये किंवा पाण्याच्या टाकीत मीठ घालायचा विचार कुणाच्या मनात आला असेल तर तो काढून टाका. नळावर आणि शॉवरवर उडालेलं पाणी लगेच धुवा. वापरलेलं पाणी झाडांना घालू नका, तुळस दोन दिवसांत माना टाकते. ते सरळ मोरीत सोडा आणि मागून एक बादली साधं पाणी ओता. तेच पाणी पुन्हा वापरायचा मोह होतो, विशेषतः महागडं मीठ असलं की. सुटलेले पापुद्रे त्याच पाण्यात असतात, म्हणून मी ते कधीच ठेवत नाही.

पैशांचं म्हणाल तर मृत समुद्राच्या मिठाने एका वेळी हात बुडवायला 150 ग्रॅम, म्हणजे सुमारे 135 रुपये. पाय बुडवायचे तर 600 ग्रॅम, 540 रुपये, जे मला परवडत नाही आणि पापुद्र्यांसाठी गरजेचंही वाटत नाही. शिरोड्याचं मीठ किलोला वीस रुपयांनी पडलं, पायाच्या बादलीला बारा रुपये. म्हणून माझी वाटणी ठरलेली आहे. चट्टे उठतात त्या दिवसांत मनगटांना पाकिटातलं, नडग्यांना वर्षभर गावचं. गुण द्यायचेच तर पाकिटाला पाचपैकी चार, एक किमतीसाठी कापला. शिरोड्याच्या मिठालाही चार, एक गाळण्याच्या कामासाठी. जांभळ्या डब्याला एक, वासाचा.

शिरोड्याला कुणी ओळखीचं नसेल तर पेण, उरणकडच्या मिठागरांवरचं जाडं मीठ तितकंच चालेल, गोव्यात आगरवाड्याच्या बाजूचंही. किराणा दुकानातलं जाडं मीठ बहुतेक गुजरातचं असतं, आंघोळीला त्यानेही काम भागतं. मात्र मिठागरावरून थेट आणलेलं मीठ आयोडिनयुक्त नसतं, म्हणून ते स्वयंपाकघरातल्या बरणीपासून वेगळं ठेवा आणि त्यावर चिठ्ठी लावा. घ्यायचं असेल तर मे महिना संपायच्या आत घ्या. एकदा पाऊस लागला की वाफे पाण्याखाली जातात आणि पुढचं मीठ दिवाळीनंतरच धरायला सुरुवात होते. गोव्यात पावसाळ्याच्या पुरुमेंतात, म्हणजे बेगमीत, मीठ असतंच, तसंच आम्हीही आता चिनी मातीच्या बरणीत भरून ठेवतो, वर घट्ट झाकण आणि तळाशी एक उलटी बशी, म्हणजे सुटलेलं पाणी खाली उतरतं आणि वरचे खडे कोरडे राहतात. खाली जमलेलं ते पाणी चवीला कडू असतं. मी ते फेकत नाही, पुढच्या बादलीत घालते.